माफीचा कागद आणि नवरीची गाडी

नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, समुद्रानं किनाऱ्यावर आणून टाकलेली बेवारस प्रेतं पाहिली. त्यातल्या बऱ्याच प्रकरणांची कलमंसुद्धा आता आठवत नाहीत. पण एका जुन्या मोटारीनं मासे विकणाऱ्या बाईचा पाय मोडला, ते साधं अपघाताचं प्रकरण मात्र काल घडल्यासारखं डोळ्यांपुढे आहे. कुणाचं नाव लिहिणार नाही. ती माणसं अजून त्याच वाडीत राहतात आणि मला बाजारात भेटतात.

माझ्या निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. मालवण किनाऱ्यावरच्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. मे महिना, लग्नसराई. दुपारी तीनच्या सुमारास ठाणे अंमलदारानं फोन माझ्याकडे दिला. पलीकडचा माणूस नाव सांगेना. म्हणाला, "नवरीच्या गाडीनं बाई उडवली. ड्रायव्हर प्यायलेला होता. घरातली माणसं प्रकरण मिटवतायत. तुम्ही बघा काय ते." एवढं बोलून फोन ठेवला.

निनावी फोनबद्दल माझा एक अनुभव आहे. त्यात निम्मं खरं असतं आणि निम्मा फोन करणाऱ्याचा राग असतो. कुठलं निम्मं खरं, हे शोधायचं काम आपलं. ठाणे दैनंदिनीत नोंद करायला सांगितली, एक हवालदार बरोबर घेतला आणि निघालो. तेवढ्यात जखमी बाई दाखल झाल्याचं ग्रामीण रुग्णालयाचं पत्रही आलंच.

बाई साधारण पन्नाशीची. डोक्यावर पाटी घेऊन वाडीवाडीत मासे विकणारी. उजव्या पायाला फळी बांधून खाटेवर पडली होती. मी जबाब घ्यायला बसलो, तर तिचाच प्रश्न आधी.

"माझे बांगडे खंय गेले ता लिवलास?"

"मावशी, आधी पायाचं बोला."

"पाय हयसर आसा. बांगडे मांजरांनी खाल्ल्यानी."

मग तिनं सांगितलं. देवळाकडून खाली बंदराकडे जो उतार आहे, त्या उतारावरून ती चालली होती. गाडी मागून आली. "आवाजच नाय ओ सायबानु. पाण्यात होडी सोडतत तशी गपचूप इली. आणि गाडी खंयची? ह्याच गाडीतसून लगीन होवन मी ह्या वाडीत इलंय. आता हिनाच माका रस्त्यार झोपवल्यान."

हे मात्र खरं होतं. त्या वाडीची रीतच होती. गेली चाळीस वर्षं वाडीत येणारी प्रत्येक नवरी त्याच गाडीतून आधी देवळात जायची आणि मग घराचा उंबरठा ओलांडायची. नवीन चकचकीत गाड्या भाड्यानं मिळू लागल्या, तरी रीत मोडली नव्हती. गाडी साठीच्या पुढची. फुगीर पाठ, गोल दिवे, रंग शेवाळी.

गाडीचा मालक होड्या बांधणारा सुतार. वय अठ्ठ्याहत्तर. तालुक्यातल्या एका डॉक्टरांनी गाव सोडताना ती गाडी त्याला देऊन टाकली होती. त्या दिवशी नवरीला घरी सोडून मोकळी गाडी परत आणत होता त्याचा जावई. चाळिशीचा माणूस, एका शाळेची बस चालवायचा, दोन मुली. अपघातानंतर त्यानंच बाईला रुग्णालयात पोचवलं होतं आणि तो तिथंच व्हरांड्यात बसून होता. पळालेला नव्हता. डॉक्टरांनी तपासलं; दारूचा वास नाही, तोल बरोबर. रक्ताचा नमुना नियमाप्रमाणे पाठवला. पुढे तोही कोराच आला. म्हणजे फोनमधलं निम्मं खोटं निघालं. तो फोन कुणाचा, हे मला नंतर कळलं. लग्नासाठी त्याची सजवलेली गाडी भाड्यानं घेतली नाही म्हणून रुसलेला एक गृहस्थ. त्याला मी समज दिली, विषय संपला.

पण अपघात तर झाला होता. पंचनाम्याला उतारावर गेलो तेव्हा रस्त्यावर चाक घासल्याची एकही खूण नव्हती. हवालदार म्हणाला, "सायब, ह्येना ब्रेक मारूकच नाय." मलाही तेच वाटलं.

मग सुताराच्या घरी. मांगरात, म्हणजे घरामागच्या छपरीत, गाडी लावलेली. पुढचा दिवा फुटला होता. म्हातारा तो फुटका दिवा धोतराच्या सोग्यानं पुसत उभा होता.

"आजोबा, गाडी जप्त करावी लागेल. मोटार वाहन निरीक्षक येऊन तपासतील."

त्यानं वळूनसुद्धा पाहिलं नाही. "तिका तपासणी माफ आसा."

"कुणी माफ केली?"

त्यानं गाडीतला पुढचा खण उघडून प्लॅस्टिकमध्ये बंद केलेला एक कागद काढला. दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला. "ह्यो बघा. शिक्को बघा."

मी वाचला. जुन्या गाड्यांच्या शौकिनांनी मिळून केलेला अर्ज होता. या गाड्या वर्षातून मोजक्या वेळा रस्त्यावर येतात, मालक त्यांची पोटच्या लेकरासारखी काळजी घेतात, तरी त्यांना सक्तीच्या तपासणीतून सूट मिळावी, अशी विनंती. खाली इतर सह्यांबरोबर सुताराची सही. आणि कोपऱ्यात शिक्का होता तो फक्त अर्ज मिळाल्याच्या पोचेचा. सूट मिळालेली नव्हती. अर्ज कुठल्यातरी फायलीत होता आणि म्हातारा त्याची पोच माफीनामा म्हणून चार वर्षं बाळगत होता.

इथं एक गोष्ट कबूल करतो. तो कागद मी पहिल्यांदा पाहत नव्हतो. वर्षभरापूर्वी एका नाकाबंदीत तीच गाडी आमच्या माणसांनी थांबवली होती. म्हाताऱ्यानं हाच कागद काढला. मी लांबूनच शिक्का पाहिला, गाडी पाहिली, हसलो आणि म्हणालो, जाऊ द्या. आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिला माणूस. खारेपाटणला माझा बाप दुसऱ्याच्या वखारीत हमाली करायचा आणि शिक्का असलेला कुठलाही कागद कपाळाला लावायचा. मी शिकलो तेव्हा वाटलं होतं, आता आपण कागद वाचतो, नुसता शिक्का बघत नाही. त्या दिवशी नाकाबंदीत मी बापासारखाच वागलो होतो. बापाला वाचता येत नव्हतं, एवढाच फरक.

मी म्हणालो, "आजोबा, ही माफी नाही. पोच आहे. आणि माफी मिळाली असती, तरी ती नेहमीच्या तपासणीला. अपघात झाल्यावरच्या तपासणीला कुणालाच माफी नसते."

"सायब, माझ्या गाडयेक काय झाला नाय. तिचो एक स्क्रू सैल नाय. जावयाचो पाय चुकलो आसात."

मागे दारात त्याची मुलगी उभी होती. तिनं एकदा बापाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि आत निघून गेली. मी तिला काही विचारलं नाही. बापाला साथ द्यावी तर नवऱ्याचं लायसन जातं, नवऱ्याला द्यावी तर बापाची गाडी. त्या क्षणी तिला काहीही विचारणं म्हणजे जखमेत बोट घालणं होतं.

दुसऱ्या दिवशी जावयाला ठाण्यात बोलावलं. चहा दिला. पोलिसी चौकशी म्हणजे आरडाओरडा, असं लोकांना वाटतं. माझी पद्धत वेगळी होती. माणसाला घडलेली गोष्ट सावकाश, पायरीपायरीनं सांगायला लावायची. खरं बोलणारा अडखळतो, मागे जातो, दुरुस्ती करतो. खोटं बोलणारा सरळ बोलतो.

जावई सरळ बोलला. "माझीच चूक, सायब. पाय सरकलो."

"कशावरून सरकला?"

"ब्रेकावरसून."

"आणि पडला कशावर?"

"ॲक्सिलरेटरार."

"म्हणजे गाडीनं जोर घेतला. इंजिन ओरडलं असेल."

"होय. ओरडला."

"बाई म्हणते आवाजच नव्हता. होडी पाण्यात सोडावी तशी गाडी आली."

मी त्याच्या हातांकडे पाहत होतो. बारा वर्षं शाळेची पोरं वाहणारा माणूस. शाळेतून माहिती काढली होती, बसला आजवर एक ओरखडा नाही. असा माणूस पाय सरकला म्हणून स्वतःहून सही करायला तयार होतो, तेव्हा तो कुणाला तरी पाठीशी घालत असतो.

"तुम्हाला कळतंय ना, हे लिहून घेतलं तर काय होईल? निष्काळजीपणे गाडी चालवून दुखापत. लायसनवर गदा येईल. शाळा तुम्हाला बसवर ठेवणार नाही."

"माहीत आसा."

"मग?"

त्यानं कपातली साय बोटानं बाजूला केली. मग हळू बोलला. "सायब, मामांक दुसरा काय रवला नाय. लाकडाचे होडये गेले, आता सगळे फायबराचे. मामी गेली. ही गाडी तेवडी आसा. गाडी खराब असा मी बोललंय, तर सरकार ती भंगारात घालतला. मी काय, खंयव कामाक जायन."

"ब्रेक लागला नाही ना?"

"ता मी सांगूचंय नाय."

मी जबाब अर्धवट ठेवला. दैनंदिनीत लिहिलं, पुढील चौकशी बाकी. हवालदार कुजबुजला, "सायब, कबूल करता तर लिवन घेवया ना." मी म्हटलं, "कबुली मिळाली म्हणजे गुन्हा सुटला असं नसतं. इथं कबूल करतोय म्हणूनच तो सुटत नाही."

गाडी टेम्पोला बांधून आमच्या आवारात आणली होती. निरीक्षकांना यायला तीन-चार दिवस लागणार होते. त्या दिवसांत म्हातारा रोज सकाळी येई. खाऱ्या वाऱ्यानं रंग जातो म्हणून फडक्यानं गाडी पुसून काढी, वर जुनी चादर घाली. एकदा आमचा शिपाई गाडीला टेकून फोनवर बोलत होता, तर म्हातारा त्याला म्हणाला, "मेल्या, तुझ्या सासऱ्याची आसा काय ती?" शिपाई बाजूला झाला. पुढे ठाण्यातले लोक त्याला चहा देऊ लागले. आरोपी ठरू शकेल असा माणूस आवारात येऊन मुद्देमाल पुसतो, हे नियमात बसत नव्हतं. मी त्याच्याबरोबर एक शिपाई उभा करायला सांगितला आणि बाकी दुर्लक्ष केलं.

तिसऱ्या दिवशी बाईचा पुरवणी जबाब घ्यायला गेलो. पाय प्लास्टरमध्ये, तोंड मोकळं. मी विचारलं, "मावशी, ड्रायव्हर काय करत होता, पाहिलं का?"

"तो आरडत होतो. बाजूक, बाजूक. प्यालेलो माणूस आधी शिवी देता, सायबानु, बाजूक सांगणा नाय. माका तेचो राग नाय."

"आणखी काही? काहीही आठवत असेल तर."

"गाडयेखाली अर्धी गेललंय मी. थंय होडयेचो वास येय होतो."

मी हसलो. "पाटीतल्या मासळीचा वास असेल."

माझं हसणं तिला आवडलं नाही. "तीस वर्सा मासळी इकतंय. मासळीचो वास येगळो आणि तेलाचो वास येगळो. तारलेचा तेल होता ता. होडयेक लावतत ता."

मी नदीकाठच्या गावातला माणूस. किनाऱ्याची ही कामं मला वरवरच माहीत. हवालदार तिथला होता. त्यानं बाहेर आल्यावर समजावलं. लाकडी होडीला कीड लागू नये, खारं पाणी मुरू नये म्हणून तळाला तारली नावाच्या माशाचं तेल जाड चोपडतात. दर पावसाळ्यापूर्वी.

ठाण्यात परत आलो तेव्हा म्हातारा आवारातच होता. हातात पत्र्याचा डबा आणि ब्रश. मला म्हणाला, "सायब, पाऊस तोंडार इलो. परवानगी देशात तर खालसून एक हात मारतंय."

मला जे विचारायचं होतं, ते त्यानंच माझ्यापुढे आणून ठेवलं होतं. पोलिसाला अशा वेळी आनंद व्हायला हवा. मला झाला नाही. मी त्याच्याजवळ खाली बसलो.

"काय लावता, आजोबा?"

आणि तो अभिमानानं सांगू लागला. बाजारातला कुठलाही रंग दोन पावसाळे टिकत नाही. त्याच्या गाडीचा पत्रा मात्र साठ वर्षांत कुठं कुजला नव्हता. होडीचं तेल. तळाला, सांध्यांत, चाकांच्या मागच्या बाजूनं, एक बोट जागा सोडायची नाही. औंदा जरा जास्तच लावलं होतं. "वाडीतल्या पोराचा लगीन होता. म्हटलंय, गाडी बरी दिसाक होयी."

"चाकांच्या मागनंही?"

"थंयच तर गंजता."

मी परवानगी दिली नाही. डबा पंचांसमोर ताब्यात घेतला. तो गोंधळून माझ्याकडे बघत राहिला. मी कारण सांगितलं नाही. निरीक्षकांनी बघण्याआधी मी बोलणं योग्य नव्हतं, असं मी स्वतःला सांगितलं. खरं कारण, माझी जीभ रेटली नाही.

दुसऱ्या दिवशी निरीक्षक आले. माझ्या विनंतीवरून सासरे-जावई दोघंही हजर. निरीक्षकांनी मागचं चाक काढलं, ब्रेकचा डबा मोकळा केला आणि आतला पट्टा बाहेर काढला. पट्टा काळा, चिकट. त्यांनी बोट फिरवून नाकाशी नेलं आणि माझ्याकडे पाहिलं. दुसरं चाकही तसंच. पुढचीही तशीच. उन्हात तेल पातळ होऊन आत उतरलं होतं. तेलकट पट्टा चाकाला धरत नाही. पाय कितीही दाबा, गाडी सरळ उतरते. सपाटीवर हळू चालवताना कळलंही नसतं. उतारावर कळलं.

हे निरीक्षकांनी मला सांगितलं, तरी ऐकलं सगळ्यांनी.

म्हातारा पुढे आला. पट्टा हातात घेतला, वास घेतला. होड्या बांधणाऱ्याचे हात ते, लाकूड ठोकून आतली पोकळी ओळखणारे. त्याला दुसऱ्या कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तो चाकाजवळ उकिडवा बसला.

"होडयेक ब्रेक नसता, सायब," तो म्हणाला. "मी तिका होडीच समाजलंय."

मग मान वर करून जावयाकडे पाहिलं. "जावयबापू, ब्रेकार पाय मारललास मा?"

"तीनदा मारलंय, मामा."

"मगे खोटा कित्याक बोललास?"

"तुमका वायट वाटात म्हणान."

म्हातारा गुडघ्यावर हात टेकून उठला. जावयानं आधाराला हात पुढे केला, तो त्यानं धरला. आत आला आणि माझ्या टेबलासमोर, बाकड्यावर न बसता, उभा राहिला. "लिवा. गाडी माझी, तेल माझा, चूक माझी. तेचो पाय चुकूक नाय. ह्या शेवटचा वाक्य ठळक लिवा." मी शब्दाला शब्द लिहिला. त्यानं जावयाकडून वाचून घेतलं आणि सही केली.

जावयावर दोषारोप झाला नाही. तो आजही शाळेची बस चालवतो. मालकानं न्यायालयात गुन्हा कबूल केला आणि दंड भरला. बाईला भेटायला म्हातारा रुग्णालयात गेला, तेव्हा मी तिथं होतो. हात जोडून खाटेशी उभा राहिला. ती म्हणाली, "काकानु, हात कित्याक जोडतास? माझ्या झिलाचा लगीन पुढल्या वर्सा आसा. तेवडी ती गाडी बरी करा. माझी सून काय चलत येवची नाय."

गाडी सोडवल्यावर जावयानंच रजा काढून तळ धुतला, चारही पट्टे नवे बसवले. मग दोघं ती ओरोसला, जिल्ह्याच्या परिवहन कार्यालयात, तपासणीला घेऊन गेले. मीही त्या दिवशी कामानं तिकडे होतो, म्हणजे काम काढलं होतं. म्हातारा आत गेला नाही. बाहेर झाडाखाली उभा राहिला, बाळंतिणीच्या खोलीबाहेर बाप उभा राहतो तसा. ब्रेक लागल्याचा आवाज आला की मान वळवायचा. तासाभरानं निरीक्षकांनी कागद त्याच्या हातात दिला. या वेळी त्यानं शिक्का बघितला नाही. जावयाला म्हणाला, "वाचा." जावयानं सगळा वाचला. सगळं ठीक होतं.

"गाडी परत तपासूक कधी हाडू?" म्हाताऱ्यानं विचारलं.

निरीक्षक म्हणाले, "आजोबा, आता काही वर्षं गरज नाही."

"नियमाचा नाय इचारीत मी. पुढल्या मे म्हयन्यात, लगनाच्या आधी हाडलंय तर बघशात काय?"

निरीक्षक हो म्हणाले.

जुन्या गाड्यांना तपासणीतून सूट असावी की नसावी, यावर लोक अजून वाद घालतात. मला विचाराल तर नव्या गाड्यांच्या धुराचे नियम त्या म्हाताऱ्या गाड्यांना लावू नयेत. तेवढी सूट द्यावी. पण ब्रेक, स्टेअरिंग आणि दिवे वर्षातून एकदा कुणीतरी परक्या माणसानं बघावेत. त्या अर्जातली दोन्ही वाक्यं आमच्या सुताराच्या बाबतीत शंभर टक्के खरी होती. गाडी मोजक्या वेळा बाहेर पडायची आणि मालक तिची लेकरासारखी काळजी घ्यायचा. बाईचा पाय त्या काळजीनंच मोडला. बेफिकीर माणसाला पकडायला मी आयुष्यभर शिकलो होतो. जीव लावणाऱ्या माणसाच्या हातूनही असं घडतं, हे नोकरीच्या शेवटी कळलं. त्याला बेडी लागत नाही. शेजारी बसून चाक उघडून दाखवावं लागतं, आणि ते काम त्याच्यावर माया असणाऱ्यांनी टाळलं, तर शेवटी पोलिसाला करावं लागतं.